इंग्रजीतल्या ‘बट’चा माग: घरबसल्या एखाद्या शब्दाचं मूळ कसं शोधायचं

‘बट म्हणजे पण’ हे आपण शाळेत एकदा पाठ करतो आणि विषय तिथेच मिटतो. बहुतेक वेळा ते चालूनही जातं. मग ‘द वर्क इज ऑल बट फिनिश्ड’ असं वाक्य समोर येतं आणि काम झालंय की राहिलंय हेच कळेनासं होतं. ‘ही इज एनीथिंग बट अ फूल’ आणि ‘ही इज नथिंग बट अ फूल’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली तर गोंधळ आणखी वाढतो, कारण पहिल्यातला माणूस मुळीच मूर्ख नाही आणि दुसऱ्यातला निव्वळ मूर्ख आहे.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, त्यातही करारमदार आणि कोर्टाचे कागद जास्त. तिथे ‘बट’ चुकला की अख्खं कलम उलटं होतं. म्हणून या शब्दाचा माग मुळापासून काढला. तो कसा काढायचा हे इथे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे. पद्धत कुठल्याही शब्दाला लागू पडेल. भाषाशास्त्राची पदवी लागत नाही, जुनी इंग्रजी वाचता आली नाही तरी अडत नाही. कोशातली एक नोंद शेवटपर्यंत वाचायची तयारी मात्र हवी. नवखे लोक नेमके तिथेच कंटाळतात.

हाताशी काय काय हवं

- ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी. डग्लस हार्पर यांनी उभारलेलं मोफत संकेतस्थळ. शब्दाची पहिली ओळख इथे करून घ्या. फक्त पहिलीच.
- बॉसवर्थ-टॉलर. जुन्या इंग्रजीचा, म्हणजे ढोबळमानाने इ.स. ११००पर्यंतच्या भाषेचा कोश. ऑनलाइन आहे, पैसे पडत नाहीत.
- मिडल इंग्लिश डिक्शनरी. मिशिगन विद्यापीठाची, पुढच्या साधारण चारशे वर्षांसाठी. हीसुद्धा मोफत.
- ऑक्सफर्डचा मोठा कोश. चालू आवृत्तीला वर्गणी भरावी लागते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सोय आहे का ते आधी विचारा. नसेल तर पहिल्या आवृत्तीचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. ए आणि बी या अक्षरांचा पहिला खंड १८८८ सालचा. आपला शब्द त्यातच आहे.
- मराठीसाठी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर शोधता येतात. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा मराठी व्युत्पत्ति कोश, जुन्या ग्रंथालयात सहज मिळतो.
- एक वही. पानावर तीन रकाने आखा: वाक्य, साल, अर्थ.

१. आधी वाक्यं गोळा करा, अर्थ नंतर

कोश उघडायची घाई करू नका. तुम्हाला अडलेली, वाचलेली, आठवणारी वाक्यं आधी वहीत उतरवा. इंग्रजी माध्यमातल्या अनेकांना शाळेतली ती कविता आठवत असेल, जळत्या जहाजावर उभ्या राहिलेल्या मुलाची. फेलिशिया हेमन्स यांची, १८२६ची. तिची दुसरी ओळ अशी: ‘व्हेन्स ऑल बट ही हॅड फ्लेड.’ ‘मॅकबेथ’मधलं ‘लाइफ्स बट अ वॉकिंग शॅडो’ घ्या. रोजच्या बोलण्यातलं ‘द लास्ट बट वन’ घ्या. ‘आय कॅनॉट बट लाफ’ आणि ‘बट फॉर यू, आय वुड हॅव ड्राउन्ड’ हीसुद्धा घ्या. आणि हो, साधं ‘आय कॉल्ड, बट नोबडी आन्सर्ड’ घ्यायला विसरू नका. नेहमीच्या वापराचं वाक्य नसेल तर तुलना कशाशी करणार?

आता प्रत्येकात ‘पण’ घालून पाहा. ‘सगळे पण तो पळाले होते.’ ‘शेवटचा पण एक.’ शेवटचं साधं वाक्य सोडलं तर कुठेच जमत नाही. ही न जमणारी वाक्यंच आपलं भांडवल.

इथला सापळा: नेटवर उदाहरणवाक्यांचे ढीग मिळतात, पण त्यांना साल नसतं आणि कर्ताही नसतो. असं वाक्य अर्थ समजायला चालेल. इतिहास सांगायला ते कुचकामी.

२. कोशातली नोंद वाचायला शिका

शब्द जितका लहान तितकी नोंद लांब, हे इंग्रजीच काय, कुठल्याही भाषेच्या मोठ्या कोशात दिसतं. ‘बट’ची नोंद तर धडकी भरवणारी आहे. तो शब्दयोगी आहे, क्रियाविशेषण आहे, उभयान्वयी आहे, ‘नो इफ्स ऑर बट्स’मध्ये नाम आहे आणि ‘बट मी नो बट्स’मध्ये चक्क क्रियापदसुद्धा. वरून खाली वाचत सुटू नका. आधी माथ्यावरचा व्युत्पत्तीचा परिच्छेद वाचा. मग प्रत्येक अर्थाखालचं फक्त पहिलं उदाहरण आणि त्याचं साल वहीत घ्या. कुठला अर्थ आधी आला आणि कुठला मागून, याचा नकाशा तेवढ्यावर तयार होतो.

तीन खुणा ओळखता यायला हव्यात.

शब्दाच्या डोक्यावर चांदणी असेल तर ते रूप कुणाला कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. भगिनीभाषा ताडून विद्वानांनी ते अंदाजाने बांधलंय. ते वहीत घेताना चांदणीसकट घ्या. चांदणी गळली की अंदाजाचा पुरावा होऊन बसतो, आणि नेटवरच्या निम्म्या भन्नाट व्युत्पत्त्या अशाच जन्माला येतात.

दुसरी खूण नात्याची. नोंदीत डच, जर्मन, जुनी फ्रीझियन अशा भाषांतले शब्द दिलेले असतात. ते बहुतेकदा भावंडं असतात, आईबाप नव्हेत. डच ‘बाउटेन’वरून इंग्रजी ‘बट’ आला असं कुणी लिहिलेलं दिसलं तर तिथून पुढे वाचू नका.

तिसरी खूण म्हणजे स्वरावरची रेघ. दीर्घ स्वर दाखवायला काही कोश डोक्यावर आडवी रेघ देतात, बॉसवर्थ-टॉलर तिरकी देतो. शोधपेटीत रेघेसकट टाकून शब्द सापडला नाही तर बिनरेघेचा टाकून पाहा. मधल्या काळातल्या इंग्रजीत तर शुद्धलेखन असं काही नव्हतंच. आपला शब्द तिथे ‘बट’, ‘बूटे’, ‘बूटेन’, ‘बॉट’ अशा नाना वेशांत भेटतो, म्हणून एका रूपावर अडून बसू नका.

३. मुळाशी जा: ‘पण’ नव्हे, ‘बाहेर’

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘बूटन’ असा होता. त्याचे दोन तुकडे पडतात: ‘बि’ आणि ‘ऊटन’. यातला ‘बि’ आजही ‘बिफोर’, ‘बिहाइंड’, ‘बिनीथ’, ‘बियॉन्ड’ यांच्या तोंडाशी दिसतो. ‘ऊटन’ म्हणजे बाहेरून, बाहेरच्या अंगाला. ‘आउट’ त्याच घरातला. तेव्हा ‘बट’चा मूळ अर्थ ‘बाहेरच्या बाजूला’ एवढाच, त्यात विरोध नाही, तक्रार नाही, काही नाही.

हा अर्थ मेला असं समजू नका. स्कॉटलंडमध्ये दोन खोल्यांच्या जुन्या घराला ‘बट अँड बेन’ म्हणतात. बाहेरची खोली ती ‘बट’. तिथे चूल, तिथेच रोजचा वावर. आतली, जरा राखून ठेवलेली खोली ती ‘बेन’. हा ‘बेन’ म्हणजे ‘बिनन’, ‘बि’ अधिक ‘इनन’, आतल्या अंगाला. आपल्याकडच्या पडवी-माजघराची जोडी डोळ्यांपुढे आणली की ‘बट’ कुठे बसतो ते लगेच दिसतं.

डचमध्ये ‘बाउटेन’चा पहिला अर्थ आजही ‘बाहेर’च आहे. परदेश म्हणजे ‘बाउटेनलांड’, बाहेरचा देश. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींच्या हा शब्द रोज कानावर पडत असेल. जावा बेटावरच्या बोगोर शहराला डचांनी ‘बाउटेनझोर्ख’ असं नाव दिलं होतं. ‘झोर्ख’ म्हणजे काळजी. काळजीच्या बाहेरचं, निश्चिंत ठिकाण. म्हणजे ‘बाहेर’वरून ‘विना’ हा अर्थ निघाला. जुन्या इंग्रजीतही हेच घडलं होतं. तिथल्या धर्मप्रवचनांच्या शेवटी ‘आ बूटन एंडे’ असा ठेक्याचा शब्दप्रयोग येतो: सदासर्वकाळ, अंताविना.

‘बाहेर’ आणि ‘विना’ यांचं हे साटंलोटं इंग्रजीत पुन्हा एकदा झालं. ‘विदाउट’ म्हणजे आज ‘शिवाय’, पण लंडनमधल्या ‘सेंट बोटॉल्फ विदाउट बिशप्सगेट’ या चर्चच्या नावात तो ‘वेशीबाहेर’ असा आहे. चर्चला वेस नाही असा अर्थ लावू नका.

आता ‘विना’वरून ‘वगळून’, आणि ‘वगळून’वरून ‘पण’. ही शेवटची उडी नीट पाहून घ्या, सगळी गंमत तिथे आहे. हे वाक्य पाहा: ‘कुणीही आलं नाही, एवढं वगळता की माईने निरोप पाठवला.’ यातलं ‘एवढं वगळता की’ पुन्हापुन्हा बोलून झिजलं, हलकं झालं, तर काय उरतं? ‘कुणीही आलं नाही, पण माईने निरोप पाठवला.’ वगळण्याचा शब्द वाक्यांच्या मधोमध बसायला लागला की तो विरोधाचा शब्द होतो. इंग्रजीत हे शेकडो वर्षं हळूहळू होत गेलं.

४. एकच वाक्य वेगवेगळ्या शतकांत वाचा

व्युत्पत्ती शोधणाऱ्यांसाठी यापेक्षा सोपं आणि खात्रीचं हत्यार मला माहीत नाही. बायबलची भाषांतरं इंग्रजीत दर काही शतकांनी झाली आहेत. मजकूर तोच, भाषा बदललेली. ख्रिस्ती प्रार्थनेतली ही ओळ घ्या: ‘आम्हाला मोहात नेऊ नकोस, तर वाइटापासून सोडव.’

१६११च्या किंग जेम्स भाषांतरात ती आहे ‘बट डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हिल’. दोन शतकांपेक्षा जास्त मागे जा. १४व्या शतकाच्या अखेरच्या विक्लिफ बायबलमध्येही ‘बट’च आहे. आता आणखी मागे, इ.स. १०००च्या आसपासच्या पश्चिम सॅक्सन शुभवर्तमानांत पाहा. तिथे ‘बट’ नाही. तिथे आहे ‘अक’: ‘अक आलीस अस ऑफ यूव्हेले.’

म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘पण’ म्हणायला ‘अक’ होता, आणि ‘बूटन’ मुख्यतः बाहेर-विना-वगळून या कामांवर. मग ‘बूटन’ झिजत ‘बट’ झाला, एकेक काम बळकावत गेला आणि ‘अक’ला त्याने पार हाकलून दिलं. ‘अक’ एका रात्रीत गेला नाही. १४व्या शतकातल्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात तो अजून भरपूर आहे, म्हणजे विक्लिफच्याच पिढीत. एका पिढीच्या तोंडी दोन्ही शब्द असू शकतात. म्हणून एका पुस्तकात दिसला नाही यावरून ‘तेव्हा हा शब्द नव्हता’ असं लिहून मोकळे होऊ नका.

५. ‘फक्त’ हा अर्थ कुठून आला ते तपासा

‘ही इज बट अ चाइल्ड.’ तो फक्त लहान मूल आहे. बाहेर, विना, वगळून, पण, या रांगेत हा ‘फक्त’ कुठून शिरला? अर्थांचा धागा मध्येच तुटल्यासारखा वाटला की समजायचं, वाटेत एखादा शब्द गळलाय.

पुरावा चॉसर या १४व्या शतकातल्या इंग्रज कवीकडे आहे. त्याने १३९१च्या सुमारास आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी ॲस्ट्रोलेब या ग्रहताऱ्यांच्या यंत्रावर एक पुस्तिका लिहिली. त्याच्या प्रस्तावनेत तो म्हणतो, ‘आय नॅम बट अ ल्यूड कंपायलेटर.’ मी जुन्या ज्योतिष्यांच्या श्रमांचा एक अडाणी संकलक आहे, बस. ‘ल्यूड’ म्हणजे तेव्हा अडाणी, आजचा ओंगळ अर्थ त्याला नंतर चिकटला.

आता ‘नॅम’कडे पाहा. तो ‘ॲम’ नाही. ‘ने’ अधिक ‘ॲम’, म्हणजे ‘नाही आहे’. शब्दशः वाक्य असं: ‘मी संकलकावाचून दुसरा कुणी नाही.’ नकार होता म्हणून ‘बट’चा अर्थ ‘वगळून’ हाच होता, जराही बदललेला नव्हता. पुढे तो लहानसा ‘ने’ गळून पडला आणि ‘आय ॲम बट’ उरलं. आधार गेला तरी अर्थ टिकला, आणि तो पेलायची सगळी जबाबदारी एकट्या ‘बट’वर आली. म्हणून ‘बट’ म्हणजे ‘फक्त’. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘नॉबट’ असा एक शब्द आहे, अर्थ ‘फक्त’. त्याच्या पोटात तो जुना नकार अजून शाबूत आहे.

या प्रस्तावनेतच चॉसर ‘बट’ने वाक्यही सुरू करतो. ‘बट’ने वाक्य सुरू करू नये असं कुणी शिक्षक म्हणाले तर चॉसर आणि किंग जेम्स बायबल, दोघांचे दाखले नम्रपणे पुढे करा.

६. उच्चाराचा हिशोब जुळवा

अर्थ जुळला म्हणजे काम झालं असं नाही, आवाजही जुळला पाहिजे. ‘बूटन’ आणि ‘ऊट’ या दोन्हींत दीर्घ ‘ऊ’ होता. ‘ऊट’चा ‘आउट’ झाला, ‘हूस’चा ‘हाउस’ झाला, मग ‘बूट’चा ‘बाउट’ का नाही झाला?

झाला की. ‘अबाउट’मध्ये झाला. तो ‘ऑन’ अधिक ‘बूटन’. तिथे या अवयवावर आघात होता म्हणून ऊ दीर्घ राहिला आणि पुढे ‘आउ’ झाला. एकटा ‘बूट’ वाक्यात घाईघाईने, बिनआघाताचा बोलला जाई, त्यामुळे त्याचा ऊ आधीच ऱ्हस्व होऊन बसला होता. दीर्घ स्वर बदलले तेव्हा तो त्या रांगेतच नव्हता.

राहिला प्रत्येक वर्गात विचारला जाणारा प्रश्न: बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पुट का? मूळ उच्चार दोन्हींचा ‘उ’च. १७व्या शतकात इंग्लंडच्या दक्षिणेकडे ऱ्हस्व ‘उ’ पसरून ‘अ’कडे सरकला. ‘प’, ‘ब’, ‘फ’ अशा ओठांच्या वर्णांनंतर काही शब्दांत तो होता तिथेच राहिला, म्हणून ‘पुट’, ‘पुल’, ‘बुश’, ‘फुल’. ‘बट’मध्येही ‘ब’ आहे, तरी तो सरकला. इथे पक्का नियम शोधू नका, तो नाही. उत्तर इंग्लंडमध्ये मात्र हा बदल पोचलाच नाही. तिथली माणसं आजही ‘बुट’च्या जवळ जाणारा उच्चार करतात आणि त्यांची ‘बट’-‘पुट’ची जोडी छान जुळते. लीड्सला शिकायला गेलेल्यांनी दचकू नये.

७. खोट्या नातेवाइकांना दारातच थांबवा

‘अबट’ म्हणजे खेटून असणं, हा आपल्या ‘बट’चा कुणी नव्हे. जुन्या फ्रेंचमधला, ‘टोक’ या अर्थाच्या शब्दापासूनचा. ‘बटर’ लॅटिनमार्गे ग्रीकमधून आला. ‘बटन’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘कळी’ या अर्थाच्या शब्दावरून. बोकड ढुशी मारतो तो ‘बट’ही फ्रेंचकडूनच. दिसायला सारखे एवढंच.

८. मराठीकडे वळून पाहा

आता मोल्सवर्थ उघडा आणि ‘खेरीज’ काढा. अरबी ‘खारिज’, अर्थ बाहेरचा. तोच शब्द ‘अर्ज खारीज झाला’ यात बाहेर फेकला जातो आणि ‘तुझ्याखेरीज कुणी नाही’ यात वगळतो. ‘बूटन’ने केलेला बाहेरपासून वगळण्यापर्यंतचा प्रवास या अरबी शब्दाने मराठीत येऊन पुरा केला, फक्त ‘पण’पर्यंत तो गेला नाही. ‘शिवाय’सुद्धा अरबी-फारसी वाटेने आलेला. ‘नमः शिवाय’शी त्याचा काही संबंध नाही. तो संबंध जोडणारे निरोप फिरत असतात, ते सातव्या टप्प्यावर पाठवून द्या.

आपला ‘पण’ संस्कृत ‘पुनः’पासूनचा. पालीत ‘पन’, गुजरातीतही ‘पण’. म्हणजे ‘पुन्हा’ त्याचा सख्खा. ‘पण’ निघाला ‘पुन्हा, आणखी’ या ठिकाणाहून आणि ‘बट’ निघाला ‘बाहेर’ या ठिकाणाहून. दोघे विरोधाच्या चौकात भेटले, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. मागचे रस्ते मात्र वेगळे आहेत. ‘तू पण ये’ यातल्या ‘पण’ला ‘बट’ कधीच चालत नाही, कारण तिथे जुनं ‘आणखी’ जागं आहे. ‘ऑल बट ही’ला ‘पण’ चालत नाही, कारण तिथे जुनं ‘बाहेर’ जागं आहे. भाषांतरातल्या बहुतेक अडचणी या एका फरकातून येतात असं माझं मत झालंय.

खरं म्हणाल तर ‘बट’ला सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘मात्र’. ‘तो मात्र आला नाही’ यात विरोध, ‘नाममात्र’, ‘क्षणमात्र’ यांत ‘फक्त’. गीतेतल्या ‘निमित्तमात्र हो’ या सांगण्याला ‘बट’ चपखल बसतो. इंग्रजीत जुन्या वळणाचं वाक्य आलं की मी आधी ‘मात्र’ लावून पाहते.

आणि वर प्रार्थनेच्या ओळीत ‘तर’ आला होता, तो लक्षात असू द्या. एक नाकारून दुसरं पुढे करायचं असेल तेव्हा मराठी ‘पण’ वापरत नाही: ‘हे नव्हे, तर ते.’ जर्मनमध्येही ‘आबर’ आणि ‘झोंडर्न’ वेगळे, स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ आणि ‘सिनो’ वेगळे. इंग्रजी दोन्ही कामं एकाच ‘बट’कडून करून घेते. ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’चं मराठी करताना ‘पण’ घालणारे या फरकाकडे कानाडोळा करतात. ‘एवढंच नव्हे, तर’ हे आपल्याकडे आयतं तयार आहे.

९. आता वहीतली वाक्यं सोडवा

‘बाहेर, वगळून’ हा अर्थ धरून पुन्हा पहिल्या टप्प्यावर या.

‘द लास्ट बट वन’: शेवटून एक वगळून, म्हणजे शेवटून दुसरा. हा ब्रिटिश प्रयोग. ‘लास्ट बट नॉट लीस्ट’मधला ‘बट’ मात्र साधा ‘पण’.

‘एनीथिंग बट अ फूल’: मूर्ख वगळून काहीही म्हणा. तो मूर्ख नाही. ‘नथिंग बट अ फूल’: मूर्ख वगळलं तर काहीच उरत नाही. पक्का मूर्ख.

‘आय कॅनॉट बट लाफ’: हसल्याशिवाय राहवत नाही. मराठीने इथे नकार आणि ‘शिवाय’ दोन्ही जसेच्या तसे ठेवलेत, शोधत बसायची गरज नाही.

‘ऑल बट’ हा सर्वांत घातक. मागून आकडा, नाम किंवा सर्वनाम आलं तर ‘सोडून सगळे’: ‘ऑल बट थ्री इन्स्टॉलमेंट्स’ म्हणजे तीन सोडून बाकी सगळे हप्ते. मागून विशेषण किंवा क्रियापदाचं रूप आलं तर ‘जवळजवळ’: ‘ऑल बट फिनिश्ड’ म्हणजे पूर्ण होण्याच्या बेतात, अजून पूर्ण नाही. कारणही मुळातच आहे. सगळ्या पायऱ्या झाल्या, ‘पूर्ण’ ही एक पायरी तेवढी बाहेर राहिली. करारात ‘पूर्ण झाले’ असं लिहून बसलात तर बिल कुणी भरायचं यावर भांडण लागेल.

हेमन्सच्या ओळीत ‘ऑल बट ही’ बरोबर की ‘ऑल बट हिम’, यावर व्याकरणवाले बराच काळ भांडत आलेत. ‘बट’ला शब्दयोगी मानलं तर ‘हिम’, उभयान्वयी मानलं तर ‘ही’. आजच्या लेखनात ‘हिम’ जास्त दिसतो. परीक्षेला बसणाऱ्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाचं मत पाळावं आणि मार्क घ्यावेत.

‘बट फॉर’ कोर्टाच्या कागदांत सारखा येतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात न्यायाधीश स्वतःला विचारतात, ‘बट फॉर’ ही हलगर्जी, नुकसान झालं असतं का? हलगर्जी चित्राबाहेर काढा आणि पाहा. मराठीत ‘हलगर्जी झाली नसती तर’ एवढं पुरतं. ‘पण साठी’ असं छापलेलं भाषांतर माझ्या टेबलावर तपासायला आलेलं आहे, म्हणून मुद्दाम सांगते. ‘इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू’मधला ‘बट’ मात्र निरुपद्रवी. तिथे ‘यांसह, परंतु यांपुरतेच मर्यादित नाही’ लिहा आणि पुढे चला.

शेवटी एक प्रकार कोशात जपून दिलेला असतो, म्हणून नजरेतून सुटतो. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड, ईशान्य इंग्लंडमधला टाइनसाइड आणि ऑस्ट्रेलियातल्या बोलण्यात ‘बट’ वाक्याच्या अगदी शेवटी येतो: ‘इट वॉज गुड, बट.’ सुशिक्षित इंग्रजी शिकलेल्याला वाटतं, बोलणारा पुढे काहीतरी म्हणणार आहे, आणि तो वाट पाहत बसतो. तसं काही नाही, वाक्य संपलेलं असतं. अशा वेळी भाषांतर करायला डोकं खाजवू नका. ‘छान होतं पण’ असं आपण रोज म्हणतोच, ते तसंच्या तसं ठेवून द्या.